चिंचेखालची मंडळी

मु. पळसटोला, मूलजवळ, जि. चांदा
२८ नोव्हेंबर १९५५

श्री. लटारूजी पंच यायले,

सलाम. हे पत्र भावाले लिहीत नाई, पंचाले लिहितो. भावाले मी 'तू' म्हणतो, पंचाले 'तुम्ही' म्हणा लागते. तिकडं चांद्याच्या मिशन दवाखान्यातल्या नोकरीवर बसून तुम्ही कोण झाले ते तुमचं तुम्हीच ठरवा.

तुमच्या पंच कमिटीचा कागद काल उपासनेत वाचला गेला. आपला उपदेशक सोमाजी मास्तर, गरीब माणूस, त्यालेच वाचा लागला. मुखरूनं दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत शेजारच्या गावच्या दंडारीच्या खेळात रातभर ढोलकी वाजवली, गणपतीच्या नमनाले ताल धरला, म्हून त्याले प्रभुभोजन बंद. चर्चमंदी वाजवणं बंद. बसायचं असंन तं दारापाशी, शेवटच्या चटईवर. जोवर मंडळीपुढं उभं राहून 'चुकलो' म्हणत नाई तोवर. बाप्पा! जसा काई मी कोणाचा गळा कापून आलो.

तुमच्या सोयीसाठी काय झालं ते सांगतो, कारण तुम्ही न विचारता बंदीसाठी हात वर केला. त्यायचा ढोलकीवाला तापानं फणफणला होता. गाव जमलं, सोंगं सजली, अन् ताल धराले माणूस नाई. तीच माणसं मागच्या साली माह्या धानाच्या गंजीले आग लागली तवा घागरी घेऊन धावली होती. तवा त्यायनं माहा देव विचारला नाई. मी काऊन विचारू? नमन त्यायनं म्हणलं. मी बोटं हालवली.

आता मोठी गोष्ट. अन्नपूर्णाचं लग्न ईस्टरनंतर ठरलं, ब्रह्मपुरीचं घर आहे, हे तुम्हाले मालूम आहे. चर्चमंदी पाळकसाहेब विचारतात, "ही मुलगी कोण देतो?" तवा बाप उभा राह्यते. पण बंदीवाल्या बापाले उभं राहता येत नाई, म्हून काका राहीन, असं तुम्ही मास्तराजवळ बोलले म्हणे.

लटारूजी, तापात ती पोट्टी माह्या खांद्यावर झोपत होती, तुमच्या नाई. तिचा हात तुम्ही द्याल? जमणार नाई. 'चुकलो' मी म्हणणार नाई, अन् पोरीचा हात तुमच्या हाती जाऊ देणार नाई. पाहू कोण कोणाले वाकवते.

मुखरू

पोरीची माय कमळा सलाम सांगते. मी सांगत नाई.

१२ डिसेंबर १९५५

लटारूजी पंच,

तुमच्यापर्यंत चुगली पोचलीच असंन, म्हून आपणच लिहितो. मी दर रविवारी चर्चपाशी असतो हे खरं. अंदर जात नाई हेबी खरं. कमळाले अन् पोरीले एवढ्या लांब पायी कसं धाडू? रेंगी जुंपतो, त्यायले सोडतो, बैल चिंचेखाली बांधतो अन् बसतो. बैलायसाठी बसतो. बैल एकटे टाकून येता येत नाई.

तिथी पहिलेच दोघं बसून होते. एक सुगंधाबाई. तिनं पोरगी दुसऱ्या धर्माच्या घरी दिली म्हून तिले बंदी. मले पाहून म्हणते कशी, "काय रे मुखरू, बैलायले उपदेश ऐकवाले आणलास का?" मी म्हणलं, बाई, तू काऊन चटईवर बसत नाईस? तं म्हणे, "तिथी बसून सगळ्यायच्या पाठी पाहा लागतात. पाठी पाहाले मी काऊन जाऊ? मले तोंडं पाहून गाणं म्हणायची आदत आहे."

दुसरा डोमा. जंगलातल्या गावचा गोंड. बाप्तिस्मा घेऊन तीनेक सालं झाली. गावच्या नव्या धानाच्या पंडुमात, म्हणजे नवं खायच्या पूजेत, गावासंगं जेवला म्हून तुम्ही त्याले बंदी केली. बिचारा तांबडं फुटाच्या पहिले निघते, काट्याकुट्यातून येते, अन् चिंचेच्या मुळावर टेकते. अंदरचं गाणं सुरू झालं की डोळे मिटते. त्याले वाटते, बंद म्हणजे बंद, दारातूनबी जाता येत नाई. शेवटच्या चटईवर बसता येते हे त्याले कोणी समजावून सांगतलंच नाई.

मीबी सांगतलं नाई. सोबत होते त्याची.

तुम्हाले वाटत असंन मी पस्तावलो. बिलकूल नाई. फक्त बोटायले चैन नाई. जेवतानी ताटाच्या काठावर वाजवतो, कमळा ताट ओढून घेते. काल पाण्याच्या मडक्यावर वाजवलं तं अन्नपूर्णा म्हणे, "बाबा, फुटंन." फुटलं नाई.

मुखरू

२७ डिसेंबर १९५५

लटारूजी,

नाताळ रविवारीच आला. ऐका, काय मजा झाली ते.

अंदर गाणं सुरू झालं. ढोलकी नाई. सोमाजी मास्तर टाळ घेऊन उभा. टाळ मूलच्या रस्त्यानं अन् गाणं चांद्याच्या रस्त्यानं. बाया पुढं निघून गेल्या, माणसं मागं राह्यली. मी किती वेळ ऐकून घेऊ? रेंगीच्या फळीवर बोटं पडली. मी पाडली नाई, पडली. सुगंधाबाईनं आवाज लावला. डोमा कधी गात नाई, तोबी गुणगुणाले लागला. अन् काय सांगू लटारूजी, दुसऱ्या कडव्याले अंदरची सारी मंडळी आमच्या तालावर आली! चिंचेखाली ताल अन् चर्चमंदी गाणं. अंदरून कोणीतरी म्हणलं, दार लावा. मास्तरानं लावलं नाई.

मी हासलो. डोळ्यात पाणी येवस्तोर हासलो.

मंग प्रभुभोजन सुरू झालं. तवा गाणं नसते. लोक एकामागं एक पुढं जातात, गुडघे टेकतात, अन् बाहीर नुसती पायाची खसखस ऐकू येते. तेवढा वेळ कसा काढाचा हे मले अजून साधलं नाई. सुगंधाबाई चुन्याची डबी उघडते अन् लावते. डोमा काडीनं मातीत रेघा ओढते. मी बैलायच्या गळ्यातले पट्टे तपासतो. पट्टे चांगलेच आहेत.

कमळा बाहीर आली तवा तिच्या तोंडाकडं पाह्यलं नाई मी.

मुखरू

६ फेब्रुवारी १९५६

लटारूजी,

कमळाच्या नावानं तुमचं कार्ड आलं. "मुखरूले सांग, हट्ट सोड, पोरीचा विचार कर." चांगलं आहे! आग लावाची तुम्ही अन् पाणी आणाचं आम्ही.

माहा विचार झाला आहे. आता चिंचेखाली आम्ही तिघं नाई. कोणाले मोहाची प्याल्याबद्दल बंदी, कोणाले भांडल्याबद्दल, अन् दोघं-तिघं तं बंदी नसतानीबी येतात, कारण अंदरपेक्षा बाहीर गाणं चांगलं होते. मी आता ढोलकीच घेऊन जातो. सुगंधाबाई जवसाची चटणी आणते, आम्ही भाकरी वाटून खातो, सोमाजी मास्तराचा उपदेश खिडकीतून ऐकतो, पटला तं 'आमेन' म्हणतो, नाई तं नाई. कोणी कोणाच्या पाठी पाहत नाई. याले मंडळी म्हणत नाई तं कायले म्हणतात?

मागच्या रविवारी कोणीतरी म्हणलं, आपल्यालेबी एक पंच पाहिजे. साऱ्यायनं माह्यासाठी हात वर केले. तं लटारूजी, मीबी पंच झालो. आता आपण बरोबरीचे.

अन्नपूर्णाचं लग्न मी चिंचेखालीच लावतो. तिचा हात मीच देईन, पाळकसाहेब आले तं ठीक, नाई तं आम्ही प्रार्थना करू. ब्रह्मपुरीचे पाव्हणे जरा चाचरले, म्हणे बिनापाळकाचं लग्न कसं? समजतीन हळूहळू. पोरगी अजूनबी अंदर जाते, पुढच्या चटईवर बसते, अन् घरी येतानी रेंगीत माह्याकडं पाठ करून बसते. लग्नाच्या पोरी अशाच करतात म्हणे.

रातभर कूस बदलत राह्यतो मी. ढेकूण झाले असतीन बाजेत.

मुखरू

१२ मार्च १९५६

लटारूजी,

एक गोष्ट झाली. तुमच्या कानावर वाकडीतिकडी यायच्या पहिले सरळ सांगतो.

काल शिवरात्रीची मार्कंड्याची जत्रा करून लोकायच्या गाड्या परत चालल्या होत्या. आमचं गाणं रंगात आलं होतं. त्यायले वाटलं, झाडाखाली भजनी लोक बसले. गाड्या थांबल्या. एक म्हातारी उतरली, हात जोडले, जत्रेतला नारळ ढोलकीपुढं ठेवला, ढोलकीले कुंकू लावलं अन् चालली गेली. आम्ही एकमेकायच्या तोंडाकडं पाहतच राह्यलो. गाणं कडव्यातच थांबलं.

डोमानं नारळ उचलला. दगडावर फोडला अन् साऱ्यायच्या हातावर एक-एक तुकडा ठेवला. त्याच्या गावात असंच आहे, पाव्हण्यानं काई दिलं की एकट्यानं खायचं नाई. अर्ध्यायनं खाऊनबी घेतला. मंग कोणीतरी ओरडलं, "अरे, प्रसाद आहे तो!" झालं. कोणी थुंकलं, कोणी चूळ भरली. अंदर समजलं तं? ब्रह्मपुरीले समजलं तं? म्हणतीन, चिंचेखाली मूर्तीपूजा चालते. सारे माह्याकडं पाहाले लागले. पंच मी होतो ना.

मी म्हणलं, डोमानं मंडळीले बट्टा लावला, डोमानं उद्यापासून इथी बसू नये. कोणाकोणाले पटते, हात वर करा. पहिला हात माहा होता.

डोमा उठला. घोंगडं झटकलं, खांद्यावर टाकलं अन् जंगलाच्या रस्त्याले लागला. सुगंधाबाईनं हात वर केला नाई. तिनं मले एवढंच म्हणलं, "मुखरू, तुह्या हाताले लटारूच्या हाताची सवय लागली का रे?" म्हातारी आहे, काईबी बोलते.

मीबी एक तुकडा खाल्ला होता. पण मले तवा मालूम नव्हतं.

बरोबरच केलं मी. मंडळी म्हणली की शिस्त पाहिजे. तुम्हीच सांगा, पाहिजे ना? तुम्ही पंच आहात, तुम्हाले समजंन. या वेळी कार्ड माह्या नावानं टाका.

मुखरू

२२ मार्च १९५६

लटारूभाऊ,

आज पंचाले लिहीत नाई. तुले लिहितो.

कार्ड आलं नाई तुहं. चांगलं झालं. 'बरोबर केलंस' असं लिहिलं असतं तं मी काय केलं असतं, देव जाणे.

मी खोटं लिहिलं होतं. म्हातारीनं कुंकू लावलं ते मी डोळ्यानं पाह्यलं, तरी तुकडा खाल्ला. भूक लागली होती अन् खोबरं गोड होतं.

रविवारी डोमा आला नाई. कसा येईन? मीच 'येऊ नको' म्हणलं होतं. तरी माही नजर त्या रस्त्यावरच. ढोलकीवर हात ठेवला तं ताल दोनदा चुकला. माहा ताल चुकला, भाऊ! सुगंधाबाई गाणं सोडून माह्याकडं पाहाले लागली. भाकरी वाटली तवा कोणी हासलं नाई. साऱ्यायच्या मनात एकच, आता आपल्यापैकी कोणाचा नंबर.

बुधवारी उठलो अन् डोमाच्या गावाले निघालो. मोहाची फुलं पडून राह्यली आहेत, सारं गाव टोपल्या घेऊन झाडाखाली. डोमाची बायको बुधरी वेचत होती, पण बाकीच्या बायांपासून दूर, एकटीच एका झाडाखाली. डोमा घरी होता. मले पाह्यलं तं बाज टाकली, पाणी दिलं. माह्यावर रागावला असता तं बरं झालं असतं.

म्हणाला, "बाप्तिस्मा घेतला तवा गाव तुटलं, मुखरूभाऊ. गावासाठी जीव तुटला म्हून नव्या धानाले जेवलो, तं चर्च तुटलं. मंग तुमच्या झाडाखाली बसलो. आता झाडाच्या बाहीर आणखी काय असते ते सांग, तिथी जाऊन बसतो." टोमणा नव्हता तो, भाऊ. तो खरंच विचारत होता. त्याले जागा पाहिजे होती.

माह्यानं राहवलं नाई. सांगून टाकलं. म्हणलं, डोमा, अंदर बसता येते. दारापाशी चटई आहे. बंदीवाल्यायसाठीच आहे. पहिल्या दिवसापासून तुले बसता आलं असतं.

तो बाजेवर माह्यापाशी येऊन बसला. मंग विचारलं, "तुले मालूम होतं?"

होतं, म्हणलं.

"सांगतलं काऊन नाई?"

म्हणलं, एकटं बसवत नव्हतं मले. भाऊ, एवढं बोललो अन् लहान लेकरासारखा रडलो, टोपली घेऊन घरी आलेल्या त्याच्या बायकोपुढं. तिले गोंडीत त्यानं काय सांगतलं मालूम नाई, पण तिनं मले आंबील आणून दिली.

घरी आलो तं अन्नपूर्णा दारात. मी म्हणलं, पोरी, चिंचेखाली लग्नाचं पक्कं करू का? तवा ती बोलली, चार महिन्यांत पहिल्यांदा धड बोलली. "बाबा, माहा हात कोणीबी देऊ द्या. काकानं देऊ द्या, मास्तरानं देऊ द्या. पण मी अंदर अन् माहा बाप बाहीर बैलापाशी, असं लग्न मले नाई पाहिजे. अन् साऱ्यायले बाहीर ओढून तुमच्या झाडाखाली, असंबी नाई पाहिजे. मले सारे एका छपराखाली पाहिजेत." एवढं बोलून चुलीपाशी चालली गेली.

मी ओट्यावर बसून राह्यलो. बोटं चूप होती.

मुखरू

३ एप्रिल १९५६

लटारूभाऊ,

ईस्टर झाला. सांगतो.

ईस्टरच्या आदल्या रविवारी येशूच्या मिरवणुकीसाठी झावळ्या लागतात. शिंदीची पानं दर साली डोमाच जंगलातून आणते, हे मले मालूमच नव्हतं. मास्तर म्हणे, यंदा पानं नाई. मंग मी पुन्हा डोमाच्या गावाले गेलो अन् या खेपेले त्याले घेऊनच आलो, दोघायच्या खांद्यावर पानायचे भारे. दारापाशी आलो अन् माहे पाय अडले, भाऊ. एवढा रातभर दंडारीत वाजवणारा माणूस मी, एक उंबरठा पार होईना. डोमानं मागून हळूच म्हणलं, "चाल ना." अंदर गेलो. शेवटच्या चटईवर बसलो. थोड्या वेळानं सुगंधाबाई आली, कुरकुरत बसली. "सरका, म्हाताऱ्या माणसाले जागा द्या. पाठी तं पाठी." मंग बाकीचे आले. चटई पुरली नाई, मास्तरानं आपली घोंगडी आणून टाकली.

अन् खरं सांगू? पाठी पाहणं एवढं वाईट नसते. तिथून कमळाची पाठ दिसते, पोरीची दिसते, अख्खी मंडळी दिसते. कोणाचा सदरा फाटला, कोणाचं लेकरू खांद्यावर झोपलं. पुढं बसून वाजवतानी मी यायच्याकडं कधी पाह्यलंच नव्हतं, हातायकडंच पाहत होतो.

ईस्टरच्या दिवशी प्रभुभोजनाच्या पहिले पाळकसाहेबायनं विचारलं, कोणाले काई बोलाचं आहे का? मी उभा राह्यलो. कमळानं डोक्यावरचा पदर घट्ट धरला. मी म्हणलं, "दंडारीत वाजवल्याबद्दल मी 'चुकलो' म्हणणार नाई, कारण तसं मले वाटत नाई अन् इथी खोटं बोलता येत नाई. पण डोमाले अंदर बसता येते हे मालूम असून मी सांगतलं नाई. मंग नारळाची जी चूक माहीबी होती, तिच्यासाठी त्याले झाडाखालूनबी काढलं. ते चुकलं. डोमा, मंडळीपुढं म्हणतो, मले माफ कर." डोमानं मान डोलावली. पाळकसाहेबायनं त्याची बंदी तिथल्या तिथी उठवली. पंडुमाबद्दल तो डिसेंबरातच मास्तरापाशी माफी मागून गेला होता, तुमच्या कमिटीले कळवाचं राहून गेलं होतं.

माही बंदी उठली नाई. पाळकसाहेब म्हणे, मुखरू, तुह्या कागदावर दंडार लिहिली आहे, डोमा नाई. कमिटी बसल्यावर बोलू. कमिटी लग्नानंतर बसते. मले राग यायले पाहिजे होता. आला नाई. डोमा पुढं गेला, गुडघे टेकले, परत येऊन माह्यापाशीच बसला. पुढं जागा होती तरी. तेवढा वेळ कसा काढाचा, असं या खेपेले मले झालं नाई.

चिंचेखाली आता फक्त बैल असतात.

आता तुह्या कार्डाबद्दल. काल आलं, माह्या नावानं आलं. "मी लग्नाले येत नाई. तुह्या पोरीचा हात मी कोणत्या तोंडानं देऊ. मास्तर उभा राहीन." भाऊ, त्या दिवशी हात वर करून तू सुखी नव्हतास, हे मले आता समजते. हात वर करणाऱ्याचं काय होते ते मी करून पाह्यलं.

म्हून सांगतो, येजो. मास्तर नको, तूच पाहिजेस. नोव्हेंबरात मी लिहिलं होतं, हात तुह्या हाती जाऊ देणार नाई. ते पत्र फाडून टाक. लग्न बुधवारी, अकरा तारखेले. आदल्या दिवशीच्या मोटारीनं मूलले उतर, मी रेंगी घेऊन उभा राहीन. पोरीनं तुह्यासाठी धोतर धुऊन ठेवलं आहे, तू विसरून गेला होतास ते.

पाळकसाहेब विचारतीन, "ही मुलगी कोण देतो?" तवा मागं वळून मले शोधू नको. मी कुठी जात नाई. तू उभा राहजो अन् म्हणजो, "मी देतो." पण तोंडातल्या तोंडात नको म्हणू, भाऊ, तुले ती आदत आहे. मोठ्यानं म्हणजो. मी शेवटच्या चटईवर आहो, मले ऐकू आलं पाहिजे.

तुहा
मुखरू